मंगलाष्टक जुळवताना

लघु, गुरू, गण, यती, यमक, रूपक, उत्प्रेक्षा हे शब्द शाळेत प्रत्येकाने पाठ केलेले असतात आणि दहावीची परीक्षा झाली की पुसले जातात, कारण पुढे त्यांचं काही कामच पडत नाही. मराठी घरात मात्र एक प्रसंग असा येतो की या सगळ्यांची एकदम गरज लागते. लग्न ठरतं आणि आत्या किंवा मावशी म्हणते, "मंगलाष्टक घरचंच हवं." आम्हाला काव्यातल्या संज्ञा खऱ्या उमगल्या त्या असं एक कडवं पहिल्या अक्षरापासून जुळवताना. ते कसं जुळलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते इथे मांडतो आहोत.

आधी वृत्त. मंगलाष्टकाचं रूढ वृत्त शार्दूलविक्रीडित. एका चरणात १९ अक्षरं, असे चार चरण. गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. यती, म्हणजे थांबा, बाराव्या अक्षरावर. पण हे पाठ करण्याआधी लघु-गुरू कानाला कळायला हवेत. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ह्रस्व स्वराचं अक्षर लघु: क, कि, कु. दीर्घ स्वराचं गुरू: का, की, कू, के, को. अनुस्वार किंवा विसर्ग असला तर ह्रस्व अक्षरही गुरू. पुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडला, तर ते मागचं अक्षरही गुरू. चरणाच्या अगदी शेवटी लघु आलं तर ते लांबवून गुरू धरतात.

सरावाला नद्यांचा श्लोक घेतला, कारण तो प्रत्येक लग्नात कानावर पडतो: "गंगा सिंधु सरस्वती च यमुना गोदावरी नर्मदा". वहीत एकेक अक्षर सुटं लिहायचं आणि प्रत्येकाखाली ल किंवा ग मांडायचं.

गं गा सिं । धु स र । स्व ती च । य मु ना । गो दा व । री न र्म । दा
ग ग ग । ल ल ग । ल ग ल । ल ल ग । ग ग ल । ग ग ल । ग

'सरस्वती'तल्या 'र'कडे नीट बघा. तो ह्रस्व आहे, पण म्हणताना पुढचा स् त्याला येऊन चिकटतो, तोंडात 'सरस्-वती' असं होतं, म्हणून तो गुरू. 'नर्मदा'तला 'न'ही तसाच: नर्-मदा. जोडाक्षराचं स्वतःचं वजन त्याच्या स्वरावर ठरतं. इथे 'स्व' लघु आणि 'र्म'ही लघु. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जोडाक्षर दिसलं की त्यालाच तो गुरू करून टाकतो. वजन पडतं मागच्यावर.

गण म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट. तीन जागा, प्रत्येक जागी ल किंवा ग, म्हणून प्रकार आठच. ते लक्षात ठेवायला शाळेतली ओळ अजून उपयोगी पडते: यमाचा, मानावा, ताराप, राधिका, नमन, भास्कर, जनास, समरा. पहिलं अक्षर गणाचं नाव आणि तो शब्दच त्याचा लगक्रम, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम. 'मानावा' ग ग ग, म्हणून म-गण. 'समरा' ल ल ग, म्हणून स-गण. 'जनास' ल ग ल, तो ज. 'ताराप' ग ग ल, तो त. ही यादी शिकवताना एक गोष्ट सांगायची राहून जाते: गण हिशेबासाठी असतात, म्हणताना गणाशी थांबायचं नसतं. "गंगासिं, धुसर, स्वतीच" असं कुणी म्हणत नाही. थांबायचं ते यतीशी. 'यमुना' संपते तिथे बारा अक्षरं भरतात, श्वास घेतला जातो, मग 'गोदावरी नर्मदा' ही उरलेली सात. यतीच्या जागी शब्दही संपायला हवा. शब्दाच्या पोटात यती आली की त्याला यतिभंग म्हणतात आणि तो कानाला लगेच खटकतो.

इथपर्यंत संस्कृत होतं. मराठी ओळ लिहायला घेतली की तेच नियम तसेच्या तसे लावून चालत नाही. दोन ओळी शेजारी ठेवून पाहू. मंगलाष्टकं सुरू होतात ती बहुतेक वेळा "स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं मोरेश्वरं सिद्धिदम्" या अष्टविनायकांच्या श्लोकाने. पहिली तीन अक्षरं म-गणाची, म्हणजे तिन्ही गुरू हवीत. 'स्व' पुढच्या 'स्ति'मुळे गुरू, 'श्री' मुळात दीर्घ. मधलं 'स्ति' ह्रस्व आहे. ते गुरू होतं पुढच्या शब्दातल्या 'श्री'च्या आघाताने. म्हणजे संस्कृतात आघात शब्दाची शीव ओलांडून मागे येतो.

आता रामदासांच्या मनाच्या श्लोकांतला दुसरा श्लोक घ्या, 'मना सज्जना'. वृत्त भुजंगप्रयात: चार य-गण, प्रत्येक ल ग ग, एकूण १२ अक्षरं. त्याचा तिसरा चरण "जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें". गट पाडले की शेवटचे दोन येतात 'र्व सो डू' आणि 'नि द्या वें'. 'नि'च्या पुढे 'द्या' हे जोडाक्षर उभं आहे, तरी 'नि' लघुच म्हणायचा, नाहीतर य-गण मोडतो. बोलून पाहा. मराठीत आपण 'सोडूनि' पुरता संपवतो आणि मग 'द्यावें' म्हणतो. त्यातला द् मागे जात नाही. दोन्ही ओळींत कागदावर दिसतं ते एकच: ह्रस्व अक्षर आणि पुढे जोडाक्षर. निकाल उलटा. लिपी मोजली की चुकतं, उच्चार मोजला की बरोबर येतं, हे या दोन ओळींइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं.

शब्दाच्या आतही हाच न्याय. 'पुस्तक', 'सत्य', 'नक्की' यांत पहिलं अक्षर गुरू. 'तुम्ही', 'पुन्हा', 'उन्हाळा', 'तुझ्या', 'कुऱ्हाड' यांत पहिलं अक्षर लघु, कारण म्ह, न्ह, ऱ्ह हे मराठी तोंडात एकेकच ध्वनी आहेत आणि विभक्तीतला 'झ्या', 'च्या', 'ल्या' मागच्या अक्षराला दाबत नाही. शंका आली तर छातीवर हात ठेवून शब्द सावकाश म्हणावा. 'पुस्तक' म्हणताना 'पु'वर जोर येतो, 'पुन्हा' म्हणताना येत नाही. जुन्या छपाईतल्या अनुस्वारांचंही असंच. 'हंसणें' असं छापलेलं असलं तरी त्यातला 'हं' लघु, तो अनुस्वार उच्चारलाच जात नाही. पण पक्षी 'हंस' असेल तर गुरू. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यामुळे आजच्या छपाईत हा घोळ उरलेला नाही.

ह्रस्व-दीर्घाचा घोळ मात्र वाढला आहे. त्याच श्लोकातला पहिला चरण फोनवर 'भक्तीपंथेची जावे' असा फिरतो. मूळ 'भक्तिपंथेचि जावें'. गट पाडा: 'क्ति पं थे' ल ग ग, 'चि जा वें' ल ग ग. 'क्ती' आणि 'ची' दीर्घ केले की दोन्ही य-गणांचे म-गण होतात आणि ओळ चालता चालता जड होते. 'भक्ती' हा सुटा शब्द मराठीत दीर्घ लिहितात हे खरं. समासात तो ह्रस्वच राहतो.

आता आमचं कडवं. पहिला प्रयत्न असा झाला: "दारी तोरण बांधले सुखद हे". दा री तो । र ण बां । ध ले सु । ख द हे. बारा अक्षरं, क्रम अचूक. तरी ओळ पोकळ वाटत होती. 'सुखद हे' कशाला आहे? जागा भरायला. याला पादपूरण म्हणतात, आणि घरगुती मंगलाष्टकांत 'हो', 'बहु', 'शुभ', 'अति', 'सदा' हे शब्द याच कामाला जुंपलेले असतात. ओळखायची खूण सोपी: तो शब्द काढून वाक्य वाचा, अर्थ कणभरही कमी झाला नाही तर तो भरतीचा. त्या चार अक्षरांच्या जागी काहीतरी दिसायला हवं होतं. बऱ्याच खाडाखोडीनंतर ओळ अशी बसली:

दारी तोरण बांधले, हळदिने न्हाली उन्हे अंगणी

ह ळ दि ने: ल ल ल ग, आणि यती नेमकी 'हळदिने'नंतर. पुढे न्हा ली उ । न्हे अं ग । णी: ग ग ल, ग ग ल, ग. 'उ'च्या पुढे 'न्हे' असूनही 'उ' लघु, वरच्या 'उन्हाळा'सारखा. 'हळदीने'चं 'हळदिने' केलं आहे, ही सवलत मराठी कवितेत जुनी आहे: इकार-उकार वृत्तासाठी ह्रस्व किंवा दीर्घ करता येतात. पण 'आ'चा 'अ' मनाला येईल तसा करता येत नाही. 'आमुच्या'चं 'अमुच्या' रूढ आहे म्हणून चालतं, 'दारी'चं 'दरी' केलं तर अर्थच बदलतो.

दुसरा चरण आधी असा होता: "आजीच्या नजरेत दाटुन उभी सारी सुखे पाहुणी". लगक्रमात काही चूक नाही. अडलं ते यमकाशी. 'अंगणी'ला 'पाहुणी' जुळतं का? फक्त 'णी' जुळतो. त्याआधीचे स्वर वेगळे: एकीकडे 'ग'मधला अ, दुसरीकडे 'हु'मधला उ. यमक भरीव वाटायला शेवटच्या अक्षराच्या मागचा स्वरही सारखा हवा, आणि त्याच्या मागचाही मिळाला तर उत्तम. म्हणून ओळ बदलली:

आईचे मन गुंतले, किणकिणे हातातल्या कंकणी

अंगणी, कंकणी: अनुस्वार, अकार आणि 'णी' तिन्ही जुळले. 'हातातल्या'मध्ये दुसरा 'त' लघु, पुढच्या 'ल्या'चा आघात त्याच्यावर येत नाही.

नावांचं सांगायलाच हवं, कारण मंगलाष्टकात सगळ्यात जास्त मोडतोड तिथे होते. नाव बदलता येत नाही, म्हणून आधी नावाचा लगक्रम काढावा आणि मग ओळीत त्याची जागा शोधावी. उलटं केलं की ओळ फाटते. 'रोहन' ग ल ल. शार्दूलविक्रीडितात हा क्रम दोन जागी मिळतो: तिसऱ्या अक्षरापासून आणि आठव्यापासून. सोपं नाव. 'अनुराधा' ल ल ग ग. असा क्रम या वृत्तात एकाच जागी येतो, दहाव्या ते तेराव्या अक्षरावर, आणि यती बाराव्यावर आहे. म्हणजे 'अनुरा' म्हणून थांबायचं आणि श्वास घेऊन 'धा' म्हणायचं. ते नाव या वृत्ताला बसत नाही, हे मान्य करून मोकळं व्हावं. 'अनु' हे घरातलं नाव मात्र तीन जागी बसतं. 'अनुराधिका' असं करूनही बसतं, चौथ्या अक्षरापासून, पण मुलीचं नाव तिच्याच लग्नात बदलावं हे आम्हाला पटत नाही.

तिसरा चरण लवकर झाला: "गोत्रे दोन जुळून आज फुलले नाते नवे कोवळे". चौथ्याचा शेवट आधीच ठरलेला असतो: 'कुर्यात् सदा मंगलम्'. ही बरोबर सात अक्षरं, यतीनंतरचे त, त, ग. म्हणजे आपल्याला बाराच लिहायची. इथे व्याकरण विसरलं जातं. 'कुर्यात्' म्हणजे 'करो', आणि ते एकवचन आहे. कोण करो, ते आधीच्या बारा अक्षरांत यायला हवं. अष्टविनायकांच्या श्लोकात तिथे 'गणपतिः' आहे (शेवटचं 'तिः' विसर्गामुळे गुरू). नद्यांच्या श्लोकात कर्ता अनेकवचनी, म्हणून तिथे 'कुर्वन्तु'. तेही ग ग ल, त्यामुळे वृत्त बिघडत नाही. घरच्या मंगलाष्टकांत "दोघांना सुख लाभो" छापाचं पुरं वाक्य लिहून पुढे 'कुर्यात्' जोडतात आणि ते क्रियापद कर्त्यावाचून लोंबकळत राहतं. आमचा पहिला मसुदा "जो पाठीस उभा सदैव असतो, कुर्यात् सदा मंगलम्". कर्ता मिळाला, पण 'सदैव' आणि 'सदा' एकाच ओळीत. हा पुनरुक्तीचा दोष. मग झालं "जो पाठीस उभा घरात अमुच्या, कुर्यात् सदा मंगलम्". कुलदैवताचं नाव न घेता ते आलं. 'मंगलम्'शी यमक साधायच्या खटाटोपात तिसरा चरण कृत्रिम होत होता, म्हणून तो मोकळाच ठेवला.

तपासताना चाल लावू नका. चाल लघु अक्षर ओढून गुरू करते, जास्तीचं अक्षर गिळून टाकते आणि चूक झाकली जाते. एकाच सुरात, बाराव्यावर थांबून, बोटांवर मोजत म्हणावं. मोडलेली ओळ तिथे अडखळते.

अलंकारांकडे आम्ही वळलो ते कडवं पुरं झाल्यावर, आणि तोच क्रम योग्य वाटतो. अलंकार ओळखताना होणारी चूक लघु-गुरूच्या चुकीचीच बहीण आहे: कागदावरचा शब्द पाहून नाव द्यायचं. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. पण "सांगितल्यासारखं केलं" यात कुठलीच उपमा नाही, आणि "तुझ्यासारखा तूच" यात 'सारखा' असून अलंकार अनन्वय, म्हणजे तुलना स्वतःशीच. दोन गोष्टी शोधायच्या, उपमेय (ज्याचं वर्णन चाललं आहे) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना), आणि त्यांचं नातं काय ते विचारायचं. आमच्या ओळीतलं ऊन आणि हळद घेऊन पाहा. "ऊन हळदीसारखं पिवळं": दोन्ही वेगळे, साम्य सांगितलं, उपमा. "ऊन म्हणजे जणू हळदच": उपमेय हेच उपमान असावं अशी कल्पना, उत्प्रेक्षा. "उन्हाची हळद अंगणाला लागली": दोघांत भेद ठेवलाच नाही, रूपक. "हे ऊन नव्हे, हळद": उपमेय नाकारलं, अपन्हुती. "हळदीहून पिवळं ऊन": उपमेय वरचढ, व्यतिरेक. "ऊन म्हणावं की हळद": मन दोन्हीकडे, ससंदेह. "हळद सांडली समजून आजी केरसुणी घेऊन आली": खरंच फसगत झाली आणि तसं वागणंही झालं, भ्रांतिमान. ससंदेह आणि भ्रांतिमान यांत गल्लत होते. संशय राहिला की पहिला, खात्रीने चुकलं की दुसरा.

आणि आमच्या ओळीत नेमकं काय आहे? "हळदिने न्हाली उन्हे": अचेतन उन्हाला माणसासारखं न्हायला लावलं, चेतनगुणोक्ती. 'न्हाली उन्हे' आणि 'किणकिणे कंकणी' यांत अनुप्रास. शब्दालंकार की अर्थालंकार, हे ठरवायची जुनी कसोटी पक्की आहे: शब्दाच्या जागी समानार्थी शब्द घाला. 'कंकणी'ऐवजी 'बांगड्यांत' म्हटलं की अर्थ तोच, नाद गेला. म्हणून अनुप्रास शब्दालंकार. 'उन्हे'ऐवजी 'किरणे' म्हटलं तरी किरणं न्हातातच. म्हणून चेतनगुणोक्ती अर्थालंकार. "घरात ज्योती आली" यात मुलीचं नाव आणि दिव्याची ज्योत, दोन्ही. 'दिवा' म्हटलं की नाव गेलं. तो शब्दश्लेष.

"आईचे मन किणकिणे" या ओळीने शब्दशक्ती, म्हणजे शब्दातून अर्थ निघायच्या वाटा, त्याही समजावल्या. मन किणकिणत नाही, म्हणजे वाच्यार्थ, अभिधेने मिळणारा सरळ अर्थ, इथे अडतो. बांगड्यांच्या आवाजात आईचं मन गुंतलं आहे, असा जवळचा अर्थ आपण घेतो. ती लक्षणा, "घरावरून वरात गेली" म्हणताना घरासमोरून समजतो तशी. आणि उद्यापासून लेकीचा हा आवाज घरात नसेल, हे ओळीत कुठेच लिहिलेलं नसताना मनात येतं, ती व्यंजना. मंडपात डोळे भरतात ते या तिसऱ्या अर्थाने.

शार्दूलविक्रीडित झेपत नसेल तर अभंगाचा छंद आहे. तिथे लघु-गुरू नाही, फक्त अक्षरं मोजायची: ६, ६, ६, ४, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. तुकोबांचं "सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां" बोटांवर मोजून पाहा. मोजताना 'कर' ही दोन अक्षरं धरायची, बोलण्यात शेवटचा अ लोपत असला तरी. ओवी त्याहून सैल. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड, अक्षरसंख्या कमीजास्त. पसायदानाची पहिली ओवी मोजली तर ८, ८, ७, ६ येते. मात्र या दोन्हींत 'कुर्यात् सदा मंगलम्' बसत नाही, आणि भटजी ते ऐकल्याशिवाय अक्षता टाकू देत नाहीत.

कडवं छापायला देताना बाराव्या अक्षरानंतर स्वल्पविराम किंवा उभी रेघ टाकावी. गाणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. आणि छापखान्यात 'हळदिने'वर पेन्सिलीने गोल करून शेजारी 'असंच ठेवा' लिहावं. जुळणी करणारा सवयीने तो दीर्घ करतो, आणि मंडपात माइकवर ती ओळ तिथेच अडते.